घरच्या अंगणात जिप्सी उभी करायची आहे: आधी दुरुस्ती की आधी उंची?

तांबडी_माती | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

संगमेश्वरजवळ आमच्या गावच्या घरी बाबांची २००६ ची मारुती जिप्सी किंग आहे. एमपीएफआय इंजिन, कापडी हूड. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी आहे. दिवाळीत गेलो तेव्हा ताडपत्री काढली. चारही टायर बसलेले, पुढच्या डाव्या चाकाच्या आतून काळं ग्रीस ओघळून वाळलेलं, मागच्या बाकाखाली कोंबडीने अंडी घातलेली. क्रँकच्या पुलीला पाना लावून हलकेच फिरवून पाहिलं. इंजिन फिरतंय, जाम नाही. तेवढ्यावरच मला रात्री झोप लागली नाही.

मी पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा गावी जातो. पान्यांचा सेट आहे, बाबांची हत्यारांची पेटी आहे, आणि बाबांची एक वही आहे. गाडी घेतल्यापासून प्रत्येक ऑइल, प्रत्येक बुश, प्रत्येक पंक्चर त्यात तारखेनिशी लिहिलंय. गाडी बाहेर कुणाकडे द्यायची नाही, अंगणातच दुरुस्त करून उभी करायची असं ठरवलंय.

मनात आहे ते सांगतो: तीन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), २३५/७५ आर १५ चे मड टायर, स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारं नळकांडं), लोखंडी बंपर. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) काढायचेच आहेत तर लिफ्ट आधी करून घ्यावी का? की आधी जशी होती तशी चालती करावी? घरी काय जमेल आणि काय बाहेरच द्यावं लागेल? अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

दहाबाराचा_पाना | ४ नोव्हेंबर, रात्री १०.५५

पहिली विनंती: किल्ली फिरवू नका. बॅटरी जोडायचा मोह होतोच, पण थांबा.

टाकीतलं चार वर्षांचं पेट्रोल आधी पूर्ण काढा. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि कोकणातल्या हवेत चार पावसाळे म्हणजे टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज धरूनच चाला. टाकी उतरवून आत टॉर्च मारून बघा. पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवल्यावर भेगा दिसल्या तर सगळ्या बदला. त्यांची किंमत काही फार नाही आणि त्याच नळ्यांनी गाड्या पेटतात.

मग चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता हाताने दोन-चार फेरे द्या. जुनं ऑइल काढून नवं ऑइल आणि फिल्टर. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चालला ते बघत बसू नका, रबर वयाने मरतं. बेल्ट आणि त्याचा टेन्शनर दोन्ही नवे घाला. एवढं झालं की मग बॅटरी.

आणि हे सगळं व्हायच्या आधी ब्रेक. सुरू झालेली गाडी थांबली पाहिजे.

---

मधली_सुट्टी | ४ नोव्हेंबर, रात्री ११.१०

ती अंडी उबू द्या आधी. पिल्लं निघाली की मागच्या बाकावरचे पहिले प्रवासी तेच!

बाबांच्या वहीच्या एखाद्या पानाचा फोटो टाकाल का? वाचायला फार आवडेल.

---

जुनी_थार | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

माझी २०१३ ची थार सीआरडीई. मी आधी उंची केली, म्हणून लिहितोय.

त्या थारला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत. बोल्ट पिळला की पुढची बाजू वर येते. एक पाना, अर्धा तास, फुकट. मी दीड इंच उचलली. दिसायला फार सुंदर दिसली. पण पुढचे ड्राइव्ह शाफ्ट वाकड्या कोनात फिरायला लागले. सहा महिन्यांत दोन्हीकडचे रबरी बूट फाटले. एका बाजूचा फाटलेला मला कळलाच नाही, त्यात ताम्हिणीच्या पावसाची चिखलमाती गेली, आणि जॉइंट कटकट करायला लागला. अलाइनमेंट मुळीच बसेना, टायर आतल्या कडेने खाल्ले गेले. पुन्हा कंपनीच्या मापावर आणून ठेवली तेव्हा गाडी शांत झाली.

तुमच्या जिप्सीला पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा) आहे, तिथे हा विशिष्ट त्रास नाही. पण उंचीची किंमत कुठला ना कुठला सांधा मोजतो. आधी तिला आहे तशी चालवून बघा. मूळ गाडी कशी चालते हेच माहीत नसेल तर बदलल्यावर काय बिघडलं ते कळणार कसं?

---

घाटधुकं | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

मी थोडा वेगळा विचार मांडतो. जिप्सीला चारही बाजूंना पाटे. एकोणीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असणार, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) बुश गेलेले असणार, यू बोल्ट गंजलेले असणार. ते सगळं एकदा उतरवायचंच आहे. मग जुने पाटे परत चढवायचे आणि वर्षाने पुन्हा तेच बोल्ट तोडायचे, हे दुप्पट काम कशाला? चांगले लिफ्टचे पाटे आणि त्या लांबीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदमच घालावेत. माझ्या गाडीला दोन इंच लिफ्ट आहे, आठ वर्षं झाली, काही तक्रार नाही.

फक्त एक काम करू नका: स्वस्तात उंची म्हणून लांब शॅकल.

---

तांबडी_माती | ५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

लांब शॅकल का नको? मला एकाने तेच सुचवलंय, म्हणे हजार-दीड हजारात दोन इंच.

---

लेथवाला_कोल्हापूर | ५ नोव्हेंबर, दुपारी २.४५

भावा, मी सांगतो. माझं उद्यमनगरात लेथचं काम, लई जिप्स्या बघितल्यात.

पहिलं म्हणजे दोन इंच लांब शॅकल घातलं तर गाडी एकच इंच उचलते. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं, दुसरंच टोक खाली जातंय, मधोमध एक्सल, म्हणून निम्मंच.

दुसरं, जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला. ते टोक खाली गेलं की सगळा एक्सल नाक खाली घातल्यागत फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो ना, ते. त्याच्यामुळंच वळणातनं स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. ते कमी झालं की गाडी रस्त्यावर भटकती. साठच्या वर एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की दोन्ही चाकं थडाथडा डावी-उजवी हाणायला लागतात, स्टेअरिंग हातात राहत न्हाई. गाडी पार थांबेपर्यंत थांबत न्हाई ते.

आता तुमच्या डाव्या चाकाच्या ग्रीसचं. नकल म्हणजे चाक वळवणारा सांधा, तिथं वर-खाली दोन किंगपिन, त्याला बारके टेपर बेअरिंग, आणि आतनं मोठा गोल सील, मागं नमद्याची पट्टी. सील कापलंय, म्हणून ग्रीस भाहेर आलंय. म्हणजे पाणी आतबी गेलंय. उघडा, बेअरिंगवर खड्डे पडले असतील तर बदला. परत बसवताना शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, किती घालायच्या हे अंदाजानं करू नका. नकलच्या आर्मला स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचं, किती जोरावर हलतंय ते मॅन्युअलच्या आकड्याशी ताडायचं. मासळीवालीकडचा हुकाचा काटा चालतोय.

पाटे बसले असतील तर कमान परत देणारे कारागीर आहेत, भट्टीत घालून देतात. पर पाट्याला वेल्डिंग कधीच करायचं न्हाई. तिथनंच तुटतोय.

---

दहाबाराचा_पाना | ५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

लेथवाला_कोल्हापूर यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

लिफ्टबद्दल एक गैरसमज दूर करतो. लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते. डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण तो चाकांच्या मध्ये लटकलेला आहे. दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो.

हिशेब करू. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिमी. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ मिमी. फरक ६५, त्याचा निम्मा म्हणजे गोळा जेमतेम ३३ मिमी वर जाणार, सव्वा इंच. बदल्यात गिअरिंग जवळजवळ दहा टक्के लांब होणार. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने पळत असेल. तेराशे सीसीचं ८० बीएचपीचं इंजिन, त्याची ताकद वरच्या आरपीएमला. देवरुखहून साखरप्याला जाताना चढणीवर चौथ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागेल. मड टायर ओल्या डांबरावर लांब जाऊन थांबतो, आणि तुमच्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं.

घाटधुकं, तुमचं दोन इंचांचं काम व्यवस्थित आहे, मी पाहिलंय. पण तुम्ही ब्रेकच्या नळ्या लांब घेतल्यात, प्रॉपेलर शाफ्टचे (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) कोन तपासलेत, आणि तुमच्या हाताखाली आधी तीन गाड्या गेल्या आहेत. पहिल्याच गाडीला ते सांगवत नाही.

---

घाटधुकं | ५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हे मान्य. ब्रेकच्या नळ्यांचं लिहायला हवं होतं, राहिलं. लिफ्ट झाल्यावर एक्सल पूर्ण खाली लोंबकळला की जुनी नळी ताणली जाते. माझ्या एका मित्राची तशीच फुटली होती, सुदैवाने मैदानावर.

---

कलम_वाचक | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.००

कागदांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बुलबारबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईसाठी कळवलं आहे. पायी चालणाऱ्याला तो गार्ड जिवावर बेततो. लिफ्ट, मोठे टायर, बंपर हे सगळं यात येऊ शकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

तुमचं आणखी एक काम आहे. २००६ ची गाडी, म्हणजे पंधरा वर्षं २०२१ मध्ये संपली. गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल. आधी फॉर्म ३१ भरून वारसाहक्काने तुमच्या किंवा आईच्या नावावर करा, मग फॉर्म २५ ने नोंदणीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये अशा मोटारीचं शुल्क ५,००० रुपये झालं होतं, उशिराचा दंड आणि हरित कर वेगळा. तपासणीला गाडी मूळ रूपात दाखवावी लागेल. तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कागदांनीच दिलंय: आधी जशी होती तशी.

---

श्टुटगार्टहून | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

इथे जर्मनीत गाडी बदलायला बंदी नाही, पण ट्यूव्ह या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या तपासनीसाने बघून कागदावर नोंद केल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. मी सुझुकी सामुराईला, म्हणजे जिप्सीच्या बहिणीलाच म्हणा ना, लिफ्टचे पाटे घातले. तपासनीस खड्ड्यात उतरला, स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का बघितलं, ब्रेकच्या नळ्या हाताने ओढल्या, पाट्यांच्या प्रमाणपत्रावरचा नंबर पाट्यावरच्या शिक्क्याशी जुळवला. एक तास लागला. मग नोंद. आपल्याकडे अशी सोय झाली तर चांगलं काम करणाऱ्याला चोरासारखं लपवावं लागणार नाही आणि वाईट काम करणारा रस्त्यावर येणार नाही.

---

घाटधुकं | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

हे मनापासून पटलं. माझ्या गाडीवर आजही ही टांगती तलवार आहे.

---

पडवीचा_खांब | ६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मी या विषयातला जाणकार नाही. पण अंगणात गाडी उघडणार म्हणताय, म्हणून माझ्या भावाचं सांगतो.

लांज्याला आमच्या अंगणात तो बोलेरोचा मागचा ड्रम काढत होता. गाडीसोबत आलेला स्क्रूचा जॅक, खाली शेणाने सारवलेली जमीन, गणपतीनंतरचे दिवस. वरून कोरडी दिसणारी माती आतून ओली होती. जॅकचा पाय हळूहळू रुतत तिरका झाला आणि गाडी सरकली. भावाचा हात ड्रम आणि जमिनीच्या मध्ये. मी आणि शेजारचे दोघे मिळून वाशाने गाडी उचलली तोवर जो काही वेळ गेला असेल तो असेल. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. जॅकखाली फणसाची दोन इंच जाड फळी. गाडी उचलली की चेसिसखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड. काढलेलं चाकसुद्धा आडवं करून चेसिसखाली सरकवायचं. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड. आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. जांभ्याचे चिरे स्टँड म्हणून कधीच वापरू नका. चिरा दिसतो मजबूत, पण तो फुटतो तेव्हा आधी सांगत नाही.

---

तांबडी_माती | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.००

पडवीचा_खांब, हे वाचून मी काल रात्री तीन टनांचे दोन जॅक स्टँड मागवले. मी खरंच चिऱ्यांवरच उभी करणार होतो. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

---

सरळ_गिअर | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

स्नॉर्केलवर कोणी बोललं नाही. स्नॉर्केलने फक्त इंजिनाच्या नाकात पाणी जात नाही. गाडीच्या पोटात जातंच. चालून गरम झालेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि वरच्या छोट्या ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या ऑइल बदलाला दुधाच्या चहासारखं ऑइल बाहेर येतं. त्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. दोनशे-तीनशे रुपयांत होतं, दिसत नाही, मूळ तपशीलही बदलत नाही. माझ्या मते जिप्सीवर करण्यासारखा पहिला बदल हाच.

दुसरं, जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये छोटा शाफ्ट. तो चेसिसवर तीन रबरी माउंटवर टांगलेला. ती रबरं फुटली की चौथ्या गिअरला गाडी थरथरते, आणि लोक उगाच प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणतात. आधी ती तीन रबरं बघा.

तिसरं, गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं ऑइल घालू नका. डिफरन्शियलला तेच लागतं, पण गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना त्यातली रसायनं बाधू शकतात. तिथे जीएल-४.

---

लेथवाला_कोल्हापूर | ७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

जीएल-५ घालून दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाड्या माझ्याकडं येत्यात. आताच्या चांगल्या ऑइलांनी पितळ तेवढं खात न्हाई.

---

सरळ_गिअर | ७ नोव्हेंबर, दुपारी १.५५

चालत असतील. पण जीएल-४ सहज मिळत असताना जुन्या बॉक्सवर प्रयोग कशाला? तिसरा गिअर घासत पडायला लागला की बॉक्स उतरवण्याचं काम अंगणात नाही होत.

---

वाळूतली_पावलं | ८ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

विषय थोडा बाजूला जातोय, पण कोकणात गाडी उभी होतेय म्हणून लिहिते. कृपा करून ती किनाऱ्यावर नेऊ नका.

मी दापोली-मंडणगडच्या बाजूची. वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. चाकाखाली वाळू दाबली जाते, घरटं वरून दिसतही नाही. पिल्लं निघतात तेव्हा टायरची चाकोरी त्यांना दरीसारखी असते. एकदा पहाटे मी चाकोरीत अडकलेली पिल्लं पाहिली आहेत. ती चाकोरीतल्या चाकोरीतच चालत राहतात, पाण्याकडे वळूच शकत नाहीत.

आणि गाडीच्या बाजूनेही सांगते. खाऱ्या पाण्याने चेसिसची जी दशा होते ती कुठल्याही रंगाने भरून येत नाही.

---

दहाबाराचा_पाना | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. पूर्ण सहमत.

गंजावरून: तांबडी_माती, पुढच्या पायाखालचे रबरी मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचून बघा. जिथे तो आरपार जाईल तिथला पत्रा कापून नवा जोडायचा. एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीच्या सडलेल्या पत्र्यावर नुसती लांबी भरून वरून रंग मारून दिला होता. एका पावसाळ्यात ती लांबी पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. कापा, जोडा, रेड ऑक्साइड मारा, मग रंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉकेट काढायला विसरू नका, आणि पेट्रोलची टाकी गाडीत नको.

---

तांबडी_माती | १८ जानेवारी, रात्री ८.३०

मंडळी, अडीच महिने लिहिलं नाही, कारण हात काळे होते.

ठरवल्याप्रमाणे खालून वर आलो. टाकीत खरंच पाणी होतं, तळाला गंजाचा चिखल. टाकी बदलली. बुश, यू बोल्ट, ब्रेकचे मागचे दोन्ही सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या नव्या. थोडे भाग नाना पेठेतून घेतले, ट्रान्सफर केसचं एक माउंट कुर्ल्याहून मित्राने आणलं. सरळ_गिअर, तुमचा अंदाज अचूक निघाला, तीनपैकी दोन रबरं पूर्ण तुटलेली होती.

डाव्या नकलने रडवलं. किंगपिनचं खालचं बेअरिंग गंजून त्याचे रोलर करड्या रंगाचे झालेले. नवं बेअरिंग, नवं सील बसवलं, काट्याने ओढून बघतोय तर आकडा काही जमेना. नकल नुसतंच सैल. तीन वेळा उघडलं. शेवटी संध्याकाळी ओट्यावर बसून बाबांची वही चाळली. १४ मे २०१४ च्या पानावर त्यांच्या अक्षरात: "डावे नकल. खालचे बे. बदलले नाही. वरची एक शिम जास्त घातली, तात्पुरती. पुढच्या वेळी बे. बदलल्यावर काढणे." दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक शिम काढली. काटा मॅन्युअलच्या आकड्यात येऊन थांबला. मी तिथेच बसून राहिलो. पुढच्या वेळचं काम त्यांनी माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं.

ब्रेकमधली हवा आईने काढली. वय अडुसष्ट. ड्रायव्हरच्या सीटवर उशी ठेवून बसली. मी मागच्या डाव्या चाकाशी पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन. "दाब... धरून ठेव... सोड." चौथ्या चाकापर्यंत तिला इतकं जमलं की मी म्हणायच्या आतच ती "धरलंय" म्हणायची. मधेच म्हणाली, "तुझे बाबा मला हेच करायला लावायचे, आणि दरवेळी ओरडायचे." मी नाही ओरडलो.

१२ जानेवारीला दुपारी इंजिन सुरू झालं. तिसऱ्या फेऱ्याला.

---

मधली_सुट्टी | १८ जानेवारी, रात्री ८.४१

डोळ्यांत पाणी आलं राव. आईंना सांगा, आमच्या गाडीच्या ब्रेकचीपण हवा काढायची आहे, कधी येऊ?

---

लेथवाला_कोल्हापूर | १८ जानेवारी, रात्री ९.२०

शिम वर्षानुवर्षं तशीच राहिली म्हणून बेअरिंग सैल राहून आपटून गेलं असणार. पर ज्या माणसानं हे लिहून ठेवलं त्याला सलाम. माझ्या दुकानात उद्यापास्नं वही.

---

जुनी_थार | १९ जानेवारी, सकाळी ७.१०

अभिनंदन! हेडलाइटचं काय केलंत? जुन्या जिप्सीचे दिवे फार मंद असतात.

---

तांबडी_माती | १९ जानेवारी, दुपारी १.००

दिवे मंदच आहेत. एलईडी बार घालायचा विचार होता.

---

दहाबाराचा_पाना | १९ जानेवारी, रात्री ९.००

बार नको. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट स्टेअरिंगखालच्या स्विचमधून फिरून जातो, वाटेत व्होल्टेज गळतं. मल्टिमीटरने बॅटरीवर आणि बल्बच्या सॉकेटवर मोजा. दीड-दोन व्होल्टचा फरक निघाला तर दोन रिले बसवा, बॅटरीजवळ फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत न्या, जुनी वायर फक्त रिलेला हुकूम द्यायला ठेवा. अर्थची वायर बॉडीला जिथे जोडलेली आहे तिथला रंग आणि गंज घासून काढा. मूळचेच साठ वॅटचे बल्ब लख्ख उजेड देतील आणि समोरच्याच्या डोळ्यांतही जाणार नाही.

---

तांबडी_माती | २६ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

सगळ्यांना कळवतो. फॉर्म ३१ होऊन गाडी आईच्या नावावर झाली. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर चढवून तपासणीला नेली, पास झाली, पाच वर्षांची नोंदणी मिळाली. तपासनीसांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "काम कुणाकडे केलं?" आई म्हणाली, "घरी."

दिव्यांना रिले घातले, ब्रीदरच्या नळ्या बॉनेटखाली नेल्या. टायर मूळ मापाचेच, ऑल टेरेन. लिफ्ट केली नाही. घाटधुकं, तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. पण नव्या बुशांवर आणि पुन्हा कमान दिलेल्या पाट्यांवर गाडी आपोआप सव्वा इंच वर आली. म्हणजे ती इतकी बसलेली होती.

काल आईला घेऊन आंबा घाटाने वर गेलो. येताना गावच्या ओढ्यातून पलीकडच्या काजूच्या बागेत. बाबा गेल्यापासून त्या बागेत गाडी गेली नव्हती, काजू डोक्यावरून आणायचे. उतरून पुढच्या चाकांचे दोन्ही हब (चाक शाफ्टला जोडणाऱ्या डायल) 'लॉक'वर फिरवले, लिव्हर फोर-लोला (चारही चाकांच्या सावकाश गिअरला) टाकला आणि क्लच सोडून पाय काढून घेतला. पहिल्या गिअरला ती स्वतःच्या स्वतः गोट्यांवरून चढून गेली. आई दांडी धरून बसली होती, हसत होती.

एक शंका. जूनपासून चिखलातून जायचं आहे. हब चारही महिने लॉकच ठेवले तर चालेल का?

---

सरळ_गिअर | २६ एप्रिल, रात्री ८.३५

लॉक ठेवून टू-व्हीलमध्ये चालवायला हरकत नाही, पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल उगाच फिरत राहील, पेट्रोल थोडं जास्त जाईल, एवढंच. लिव्हर मात्र डांबरावर फोर-व्हीलमध्ये ठेवू नका, वळणावर सगळं ताणलं जातं. पावसाळा संपला की हब उघडून धुऊन हलकं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये डायल फिरणार नाही.

---

घाटधुकं | २६ एप्रिल, रात्री ९.१०

आणि ते हबचं ग्रीस वहीत लिहा. तारखेनिशी.

---

तांबडी_माती | २६ एप्रिल, रात्री ९.२२

लिहिलं. बाबांच्या शेवटच्या नोंदीखालीच.